सुटकेनंतरचं औषध

काकांचा कुकर दुरुस्तीचा उद्योग खरा होता, हे आधीच सांगते. पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की ते नुसतं सोंग होतं. सोंग होतंच, पण कुकर खरोखर दुरुस्त व्हायचे. भोसरीत एमआयडीसीच्या मागच्या बाजूला कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आहेत, तिथे दुपारी त्यांची जुनी लुना थांबली की बायका झाकणं घेऊन बाहेर यायच्या. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात पॉलिश केलेले काळे बूट आणि लुनाच्या हँडलला लटकवलेल्या रबरी रिंगा. एखादं झाकण कानाशी धरून ते दांडा हलवायचे आणि म्हणायचे, "ह्यांचा स्क्रू ढिला झालाय." ह्यांचा म्हणजे कुकरचा. ते कुकरलाही अहो-जाहो करायचे.

मी तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्रात समुपदेशक होते, अजूनही आहे. एचआयव्ही असलेल्या माणसांना रोज घ्यायची गोळी जिथून मिळते, ते हे केंद्र. एका सोमवारी ते आमच्या बाकावर येऊन बसले. नवीन पेशंट समजून मी विचारलं, "काका, कागद आणलेत का?"

"मी पेशंट नाही, बाई. तुमची जी माणसं हरवतात ती शोधायला आलोय."

"कोण हरवलंय?"

"ते तुम्ही सांगायचं. तुरुंगातून कागद किती आले, आणि त्यामागून माणसं किती आली?"

प्रश्न बरोबर होता. ते तुरुंग खात्यात कंपाउंडर होते. सगळी नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात झाली, आणि निवृत्तीनंतर निगडीला प्राधिकरणाच्या वसाहतीत मुलाकडे राहायला आले होते. तुरुंगाच्या आत औषधाचं काय होतं आणि बाहेर आल्यावर काय होतं, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आत गोळी रोज हातावर मिळते. मग एक दिवस जामीन होतो, संध्याकाळी आदेश येतो, माणूस गाठोडं उचलतो आणि निघतो. "दार उघडल्यावर गोळ्या घ्यायला कोण थांबतो हो?" ते म्हणायचे. "मी असतो तर चपलासुद्धा घ्यायला थांबलो नसतो."

बाहेर आलेला माणूस मग आमच्यापर्यंत पोचतच नाही. घरी कुणाला ठाऊक नसतं, आणि दवाखान्यात यायचं तर सुट्टी कशाची काढली हे कंपनीत सांगावं लागतं. गोळी चार महिने बंद राहते, आणि आत दबलेला विषाणू पुन्हा डोकं वर काढतो.

डॉक्टरांनी त्यांच्याकडून गुप्ततेचं लिहून घेतलं आणि स्वयंसेवक म्हणून ओळखपत्र दिलं. ते त्यांनी गळ्यात कधी घातलं नाही. दवाखान्याचा माणूस दारात आला की अख्ख्या चाळीला कळतं, म्हणून ते आधी दोन महिने एका भांड्यांच्या दुकानात बसून कुकरचं काम शिकले. मी हसले तेव्हा म्हणाले, "खोटं बोललो तर पकडला जाईन. खरंच येत असलं तर कोण पकडणार?"

माणसाचा गुन्हा त्यांनी कधी विचारला नाही. एखादा आपणहून सांगायला लागला, की ते घसा खाकरून विचारायचे, "झोप लागते का रात्री? भूक?" आणि कैद्यांना तर ते कटाक्षाने अहो म्हणत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "आत चोवीस तास अरे-तुरे चालतं, बाई. काही दिवसांनी माणूस मनातल्या मनात स्वतःलाही अरे म्हणायला लागतो. मग तो गोळी कुणासाठी घेणार?"

महिन्यातून एकदा काकांना बरोबर घेऊन आमची तुकडी तपासणीसाठी तुरुंगात जायची. रक्त घ्यायच्या आधी मी माहिती सांगायचे: आजार कसा होतो, कसा होत नाही. माझं पाठ केलेलं भाषण लोक जांभया देत ऐकायचे. एकदा काका मधेच उठले आणि पहिल्या रांगेतल्या एका माणसाच्या हाताशी वाकले. त्या हातावर 'आई' असं ताजं गोंदलेलं होतं, कडा अजून सुजलेल्या.

"सुबक आहे," ते म्हणाले. "कुणी काढलं?"

त्या माणसाने हात मागे घेतला. आत गोंदायला बंदी असते, सुई लपवून ठेवलेली असते, आणि तीच सगळीकडे फिरते.

"नाव नका सांगू. मला एवढंच सांगा, तुमची आई तुमची एकट्याची ना? मग सुईसुद्धा एकट्याची ठेवा. दाढीचं पातंही. दुसऱ्याचं रक्त आईच्या नावात कशाला घालता?"

लोक हसले. पण त्या दिवशी तपासणीला रांग लागली, आणि पुढच्या खेपेला न्हावीकाम करणाऱ्या कैद्याने आम्हाला दाखवलं, की तो प्रत्येकाला नवं अर्धं पातं लावतो. आणखी एक विषय असायचा, त्यावर बोललेलं तिथल्या एका अधिकाऱ्याला खपायचं नाही. "पुरुषांच्या बराकीत तसलं काही चालत नाही," तो म्हणाला. काका नम्रपणे म्हणाले, "बरोबर आहे साहेब, काहीच चालत नाही. फक्त रिपोर्ट पॉझिटिव्ह येतात."

त्यांचा मुलगा एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर होता. वडिलांनी लुनावर रिंगा लटकवून फिरावं हे त्याला लागायचं. एकदा मी त्यांच्या घरी एक पाकीट द्यायला गेले, तेव्हा तो फाटकात त्यांना म्हणत होता, "बाबा, तुम्हाला काय कमी आहे इथे? शेजारचे विचारतात, वडील फेरीवाले आहेत का म्हणून." ते बूट पुसत होते. "सांग, छंद आहे," एवढंच म्हणाले. घरी त्यांनी कधी काही सांगितलं नाही. सून चांगली होती, नातवंडं लळा लावणारी होती, तरी नाही.

हे एवढं तोंड मिटून राहणं मला अतिरेकी वाटायचं. एकदा निगडीच्या बसस्थानकावर आम्ही एका माणसाची वाट बघत बसलो होतो. तो येणार नव्हता, हे आम्हाला तासाभराने कळलं. त्या तासात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नोकरीत असताना त्यांच्याकडे एक कैदी होता, या औषधावरचा पहिलाच. इतर औषधांत त्याची गोळी चुकू नये म्हणून यांनी त्याच्या डबीवर लाल पेनाने एक खूण केली. आठवड्याभरात बराकीत तिचा अर्थ फुटला. त्याचं ताट वेगळं झालं, नळावर तो आला की लोक बाजूला व्हायला लागले. मग तो यांच्यासमोर गोळी तोंडात घ्यायचा आणि संडासात जाऊन थुंकायचा. पाच महिन्यांत गेला.

"मी चांगल्यासाठीच केली हो खूण," ते म्हणाले. 

त्यानंतर मी त्यांना अतिरेकी म्हटलं नाही. पण ज्या गुप्ततेला ते एवढं जपत होते, तिनेच पुढे त्यांचा घात केला. ते मी जवळून पाहिलं.

ज्याच्या बाबतीत हे घडलं, तो लेथवर काम करणारा टर्नर होता. तिशीचा, लातूरकडचा, चिखलीत एका जुन्या गावकरी बाईंच्या चाळीत बायकोबरोबर राहायचा. तुरुंगातल्या तपासणीत त्याचं कळलं, आत सहा महिने गोळ्या नीट घेतल्या, वजन वाढलं. मग जामीन झाला आणि औषध नि कागद आतच ठेवून तो घरी गेला. आमच्याकडे पत्ता होता तो फक्त 'चिखली' इतकाच. काकांनी चिखलीतल्या चाळी कुकरच्या निमित्ताने पालथ्या घातल्या आणि सहाव्या आठवड्यात ते त्याच्या दारात उभे राहिले. तो कामावर होता. बायकोने आपला कुकर पुढे केला आणि म्हणाली, "बघा बरं काका, ह्याचं झाकणच बसत नाही. डाळ शिजता शिजंना."

ते दुसऱ्या दिवशी त्याला चाकणला कंपनीच्या गेटवर, शिफ्ट सुटताना भेटले. तो घाबरला. "काका, पाया पडतो, घरी तेवढं येऊ नका. तिला म्हाईत नाही." त्याने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. डबी कंपनीत कपड्यांच्या कपाटात ठेवायचा आणि शिफ्ट संपली की घ्यायचा. काका त्याला दर भेटीत एकच सांगायचे: बायकोला सांगा, तिची तपासणी करा, मी हवा तर बरोबर येतो. तो म्हणायचा, दिवाळी होऊ द्या. मग म्हणाला, मेव्हण्याचं लग्न होऊ द्या.

घरी येऊ नका असं त्याने सांगितलं होतं. पण तीच यांना शेजारणींकडे आलेलं बघून हाक मारायची. जायला नाही म्हटलं असतं तर संशय आला असता. ते ओट्यापाशी बसून चहा प्यायचे. एक दिवस घरमालकीणबाई सहज म्हणाल्या, "आता हिचा कुकर लवकर नीट करा वो. दोन जिवांची हाय ती."

त्या दिवशी ते थेट केंद्रात आले. बूट धुळीने माखलेले. मी तसे कधी पाहिले नव्हते. "बाई, मूल वाचवता येतं ना? आईला वेळेवर गोळी दिली तर?"

"येतं. बहुतेक वेळा येतं."

"मग तिला सांगायला हवं."

"त्याने सांगायला हवं, काका. नाहीतर आपण त्याला इथे बोलवून, समजावून. आपण परस्पर नाही सांगू शकत."

"ते मला ठाऊक आहे," ते चिडून म्हणाले. माझ्यावर ते चिडलेले तेवढंच एकदा. त्याला आम्ही बोलावलं, तो आला नाही. शेवटी त्यांनी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. घरमालकीणबाईंना म्हणाले, "पोरीचं नाव लवकर दवाखान्यात घाला. पहिले तीन महिने महत्त्वाचे." बाई म्हणाल्या, "व्हय की, मी सोता नेते. माहेर लांब हाय तिचं." दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईची तपासणी होतेच. तिचीही झाली, आणि रिपोर्ट आमच्या केंद्रात आला.

ज्या दिवशी मी तिला ते सांगितलं, त्या दिवशी संध्याकाळी तिने नवऱ्याला विचारलं. तो न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपला. सकाळी डबा घेऊन शिफ्टला गेला आणि परत आला नाही. तुरुंगात कळलं होतं, एवढं मात्र जाताना सांगून गेला.

चार दिवसांनी ती औषधासाठी केंद्रात आली, तेव्हा काका बाकावर बसलेले होते. तिने त्यांना पाहिलं. हातात तिच्या नव्या गोळ्यांची डबी होती. कुकरवाले काका इथे कसे, हे समजायला तिला फार वेळ लागला नाही.

"तुमाला म्हाईत होतं का?" तिने विचारलं.

त्यांना गप्प राहता आलं असतं. नियमाप्रमाणे गप्पच राहायला हवं होतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "होय."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आन् माझ्या हातचा चहा पीत बसलात? माझ्या पोटाकडं बघून?"

बाकावरची माणसं खाली बघत होती. ते हात जोडून उभे होते. ती वळली आणि निघून गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी कधीच बोलली नाही. तिच्या तारखेला ते केंद्रात यायचे टाळायचे. कधी चुकून गाठ पडलीच, तर उठून जिन्याकडे जायचे, म्हणजे तिला तोंड फिरवायची वेळ येऊ नये.

त्याला शोधणं मात्र त्यांनी सोडलं नाही. चाकणला रोज शिफ्ट सुटायच्या वेळी ते एकेका गेटवर उभे राहायचे. वॉचमन त्यांना ओळखायला लागले. "काय भाऊ, सापडला का पुतण्या?" असं विचारायचे. ठेकेदार बदलला की कामगाराची कंपनी बदलते, कंपनी बदलली की खोली. साडेतीन महिन्यांनी तो चाकणजवळच्या एका खोलीत सापडला. सहा जणांची खोली, पाच कामावर, हा कोपऱ्यात पडलेला. औषध घर सोडलं त्या सकाळपासून बंद. अंगात ताप, मान ताठलेली, बोलणं तुटक. औषध सुटल्यावर धरलेला टीबी मेंदूपर्यंत पोचला होता.

आम्ही त्याला वॉर्डात आणलं. मी तिला फोन केला, येशील का म्हणून; येणार नाही असंच धरून चालले होते. ती आली. आठवा महिना होता. कॉटच्या कडेला बसून तिने त्याच्या तोंडात चमच्याने पेज घातली. तो तिला ओळखत होता की नाही, कळत नव्हतं. ती त्याच्याशी सावकाश बोलत होती, रागावल्यासारखं नाही, घरातलं काहीतरी विसरलेल्या माणसाशी बोलावं तसं. "सांगायचं ना ओ. म्या दिली असती ना गोळी रोज. जेवायला वाढत होते, त्याच्यासंगं दिली असती. त्यात काय होतं एवढं?"

काका वॉर्डाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभे होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. नवव्या दिवशी तो गेला.

मुलगी झाली. तिला जन्मल्यापासून औषधाचे थेंब दिले, तपासण्या झाल्या, आणि दीड वर्षाची झाल्यावर शेवटचा रिपोर्ट आला. तिला काही नव्हतं. आईने तो कागद दोनदा वाचून घेतला आणि मुलीला छातीशी धरलं. ती गेल्यावर मी काकांना फोन केला. पलीकडे रस्त्याचा आवाज येत होता. "बरं," ते म्हणाले. मग विचारलं, "तिला चालताना पाहिलंत का तुम्ही? मुलीला?"

"पाहिलं. धावते."

"बरं," ते पुन्हा म्हणाले. पण त्यांचा आवाज हलका झाला नाही. एकदा मी त्यांना समजावायला गेले की तुमच्यामुळेच तिची तपासणी झाली, मूल वाचलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याच्या दारात उभं राहून मी आधीच सगळ्यांदेखत बोललो असतो, तर तो चिडला असता, मला मारलं असतं. पण घरी राहिला असता. किंवा नसता राहिला. हे मला आता कोण सांगणार?"  

पुढे ते वर्षभर काम करत होते, थोडे कमी. मग एका सकाळी अंघोळीला जाताना कोसळले आणि गेले. डॉक्टरांना आणि मला निगडीच्या स्मशानभूमीत पोचायला उशीर झाला. प्राधिकरणातले शेजारी, मुलाच्या कंपनीतले लोक एका बाजूला उभे होते. दुसरीकडे भिंतीच्या कडेने वीस-पंचवीस माणसं उभी होती, एकमेकांपासून दूर. कुणी कंपनीच्या गणवेशात, कुणी हेल्मेट हातात धरून. त्यातले बहुतेक मला ओळखत होते आणि मी त्यांना. एकानेही मला ओळख दाखवली नाही, मीही दाखवली नाही. मुलगा त्यांच्यापाशी जाऊन विचारत होता, "आपण कुठले?" कुणी म्हणालं, जुनी ओळख आहे. कुणी म्हणालं, असंच जाता-येता भेटायचे. एक जण रडायला लागला, आणि मुलगा गोंधळून त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

तेराव्यानंतर मुलगा मला भेटायला आला. केंद्राच्या दारावरची पाटी वाचून थबकला, इकडेतिकडे बघितलं आणि पटकन आत येऊन दार लोटलं. त्याच्या हातात वडिलांचं ओळखपत्र होतं, कपाटात कपड्यांखाली सापडलेलं. त्यावर फक्त आमच्या केंद्राचं नाव, त्यांचं नाव आणि एक क्रमांक होता. बसला, पण टेकून नाही.

"मॅडम, मला स्पष्ट सांगा. बाबांना हा आजार होता का?"

इथे कुणाला काय आहे आणि काय नाही, यातलं काहीच आम्ही सांगत नसतो. पण हा माणूस दोन आठवडे झोपलेला दिसत नव्हता.

"नव्हता," मी म्हणाले. "ते इथे पेशंट म्हणून येत नव्हते. ते इथे कामाला येत होते."

त्याने डोळे मिटले. खांदे सैल पडले, चेहऱ्यावर रंग आला. मी त्याला सगळं सांगायचं ठरवलं होतं, नावं न घेता सांगता येईल तेवढं सगळं. अहोपासून सुरुवात करावी, की चाकणच्या गेटपासून, असा विचार करत होते.

"देवाची कृपा," तो म्हणाला. "घरात लहान मुलं आहेत हो. बायकोने तर बाबांची भांडी वेगळी काढून ठेवली होती."

आणि ओळखपत्र माझ्या टेबलावर ठेवून, माझे दोनदा आभार मानून, तो उठला. कसलं काम, हे त्याने विचारलं नाही.